त्याचं गाव परदेशात गेलं : यूलिउ बोडोलाचं प्रकरण

फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये एका माणसाच्या नावापुढे दोन ओळी आहेत. पहिली ओळ : रोमानिया, १९३१ ते १९३९, ४८ सामने, ३० गोल. दुसरी ओळ : हंगेरी, १९४० ते १९४८, १३ सामने, ४ गोल. नावंही दोन. रोमानियन कागदांवर तो यूलिउ बोडोला, हंगेरियन कागदांवर द्युला बोडोला.

एवढंच वाचलं तर वाटतं, गडी आठ-नऊ वर्षं एका देशाकडून खेळला, मग पलीकडून बरी बोलणी आली असतील, गेला निघून. पण क्लबांची यादी पाहिली की बोट अडखळतं. १९२९ ते १९३७ ओराद्या. मग तीन वर्षं बुखारेस्ट. १९४० ते १९४५ नॉज्वाराद. नकाशा काढून नॉज्वाराद शोधायला जावं तर ते सापडतं ओराद्याच्याच जागी. कारण ते ओराद्याच आहे. एकच शहर, रोमानियनमध्ये ओराद्या, हंगेरियनमध्ये नॉज्वाराद. आणि क्लब? तोही तोच. १९१० साली स्थापन झालेला, हिरव्या-पांढऱ्या रंगांचा. पहिल्या खेपेला हा माणूस तिथे मायदेशातला खेळाडू म्हणून खेळला, दुसऱ्या खेपेला परदेशात खेळणारा रोमानियन म्हणून. मैदान मात्र जागचं हललं नव्हतं.

या प्रकरणात मला एकच गोष्ट तपासायची आहे. बोडोलाच्या आयुष्यात मोठी स्थलांतरं तीन झाली. त्यातलं खरं परदेशगमन कोणतं?

आधी जमिनीची गोष्ट सांगावी लागेल, कारण इथे खेळाडूपेक्षा शीवच जास्त पळाली.

बोडोला जन्मला २६ फेब्रुवारी १९१२ रोजी, ब्राशोवमध्ये. कार्पेथियन डोंगरांच्या कुशीतलं हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. हंगेरियन लोक त्याला ब्राशो म्हणत आणि तिथले जर्मन क्रोनश्टाट. बोडोला हंगेरियनभाषक. तो सहा वर्षांचा असताना साम्राज्य कोसळलं आणि आठ वर्षांचा असताना, ४ जून १९२० रोजी, पहिल्या महायुद्धानंतरच्या ट्रायनॉनच्या तहाने ट्रान्सिल्व्हेनिया, म्हणजे ब्राशोवच्या आसपासचा हा सगळा प्रदेश, अधिकृतपणे रोमानियाकडे गेला. लाखो हंगेरियन एका सहीनिशी रोमानियाचे अल्पसंख्य नागरिक झाले. त्यांनी घर सोडलं नव्हतं. रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्यांतली भाषा बदलली, शाळांतला इतिहास बदलला.

ओराद्या या नव्या सीमेला अगदी खेटून होतं. तिथून हंगेरीची हद्द दहा-पंधरा किलोमीटरवर, बुडापेस्ट अडीचशे किलोमीटरवर आणि स्वतःच्या देशाची राजधानी बुखारेस्ट मात्र सुमारे सहाशे किलोमीटर दूर, डोंगरांच्या पलीकडे. नॉज्वारादी अॅथलेटिक क्लबाचं नाव बदलून क्लबुल अॅटलेटिक ओराद्या झालं, थोडक्यात सीएओ. रंग तसेच राहिले. प्रेक्षकही तेच, आणि सामन्याच्या वेळी आरडाओरडा बहुतेक हंगेरियनमध्येच चालत असणार.

१९२९ मध्ये, सतरा वर्षांचा बोडोला या संघात आला. दोन वर्षांत तो रोमानियाच्या राष्ट्रीय संघात होता.

इथे रोमानियाच्या त्या काळच्या संघाबद्दल दोन शब्द. युद्धपूर्व रोमानियाने लष्कर, न्यायालयं, विद्यापीठं यांत रोमानियन भाषेचा आणि वंशाचा आग्रह धरला, पण फुटबॉलमध्ये तो धरणं परवडणारं नव्हतं. चांगले खेळाडू येत ते पश्चिमेच्या शहरांतून : तिमिशोआरा, अराद, क्लुज, ओराद्या. हा सगळा जुन्या साम्राज्याचा पट्टा, जिथे बुडापेस्ट आणि व्हिएन्नाच्या शाळेतला फुटबॉल आधीच मुरलेला होता. १९३४च्या विश्वचषकात त्रिएस्तेला चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध उतरलेल्या रोमानियन संघातली नावंच पाहा : झोंबोरी, फोग्ल, मोरावेत्झ, कोवाच, बोडोला, डोबाई. हंगेरियन, जर्मन, स्लाव्ह, रोमानियन, सगळे एका पिवळ्या-निळ्या संघात. तो सामना रोमानिया १-२ ने हरला. पहिला गोल डोबाईने केला होता. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, कारण तोच चेकोस्लोव्हाकिया पुढे थेट अंतिम सामन्यात गेला.

बोडोला डावीकडचा इनसाइड फॉरवर्ड. त्या वेळच्या पाच जणांच्या आघाडीत कडेचा विंगर आणि मधला सेंटर फॉरवर्ड यांच्या बेचक्यात ही जागा असे. तिथल्या माणसाने चेंडू आणायचाही आणि जाळ्यात घालायचाही. बोडोलाच्या बाहेरच्या अंगाला श्टेफान डोबाई, ज्याचा डाव्या पायाचा फटका दंतकथा झाला होता. ही जोडी बाल्कन चषकात भल्याभल्यांना भारी पडली. १९३३ साली बुखारेस्टमध्ये झालेल्या स्पर्धेत रोमानियाने बल्गेरियाला ७-०, ग्रीसला १-० आणि युगोस्लाव्हियाला ५-० असं हरवलं. तीन सामन्यांत तेरा गोल, आणि स्वतःच्या जाळ्यात एकही नाही. १९३६चा बाल्कन चषकही रोमानियाचाच.

क्लबच्या पातळीवर मात्र ओराद्याचं नशीब आखूड होतं. १९३४-३५च्या हंगामात ते राष्ट्रीय लीगमध्ये दुसरे आले. वर होती तिमिशोआराची रिपेन्सिया, रोमानियातला पहिला व्यावसायिक क्लब. आठ वर्षं हिरवी-पांढरी जर्सी घालूनही बोडोलाला विजेतेपदाचं ताट काही मिळालं नव्हतं.

पहिलं स्थलांतर इथे येतं. १९३७ साली तो बुखारेस्टच्या व्हीनस क्लबात गेला.

कागदावर ही देशांतर्गत बदली. ना पासपोर्ट, ना व्हिसा, ना फेडरेशनची आंतरराष्ट्रीय परवानगी. पण तीन स्थलांतरांतलं हेच मला सगळ्यांत लांबचं वाटतं. बुखारेस्ट हे ऑर्थोडॉक्स घंटांचं, फ्रेंच वळणाच्या बुलेव्हार्डांचं, अस्सल जुन्या रोमानियातलं शहर. ऑस्ट्रिया-हंगेरीने त्यावर कधी राज्य केलं नाही. ब्राशोव-ओराद्याच्या हंगेरियन माणसाला तिथलं सगळंच वेगळं. व्हीनस राजधानीतला वजनदार क्लब, नुकताच १९३६-३७चा विजेता. त्याचा आश्रयदाता होता गाव्रिला मारिनेस्कू, राजधानीचा पोलीसप्रमुख आणि राजे कारोल दुसरे यांच्या खास मर्जीतला माणूस. क्लबला मैदान मिळवून देण्यापासून खेळाडूंना सांभाळण्यापर्यंत अशा माणसाचा हात किती उपयोगी पडतो, हे कुणाला समजावून सांगायला नको.

व्हीनसमध्ये ताट मिळालं, एक सोडून दोन. १९३८-३९ आणि १९३९-४०, लागोपाठ दोन विजेतेपदं. मधल्या काळात १९३८चा विश्वचषक फ्रान्समध्ये झाला. तुलूझला रोमानियाची गाठ क्युबाशी पडली. क्युबा म्हणजे सगळ्यांनी गृहीत धरलेला विजय. ५ जूनला जादा वेळेनंतर ३-३ बरोबरी झाली, त्या सामन्यात बोडोला होता. चार दिवसांनी पुन्हा सामना झाला आणि क्युबा २-१ ने जिंकला. रोमानियन फुटबॉलला ही जखम बरीच वर्षं ठसठसत राहिली.

१९४०च्या उन्हाळ्यापर्यंतचा हिशेब असा : वय अठ्ठावीस, राष्ट्रीय संघातून ३० गोल, सलग दोन वेळा लीग विजेता, राजधानीच्या बलाढ्य क्लबात जम बसलेला. एरवी अशा खेळाडूने पुढची चार वर्षं तिथेच काढली असती.

पण १९४० साली रोमानियाला तीन बाजूंनी कात्री लागली. जूनच्या अखेरीस सोव्हिएत संघाने बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना घेतले. ३० ऑगस्टला व्हिएन्नात, बेल्व्हेडेर राजवाड्यात, जर्मनीचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि इटलीचा परराष्ट्रमंत्री चियानो यांनी निवाडा दिला की ट्रान्सिल्व्हेनियाचा उत्तरेकडचा भाग हंगेरीला द्यावा. सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर, सुमारे २५ लाख माणसं. ७ सप्टेंबरला दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाकडे गेला. त्याच्या आदल्याच दिवशी राजे कारोल यांनी गादी सोडली होती.

या निवाड्याची रेघ बोडोलाच्या आयुष्याच्या बरोबर मधून गेली. ओराद्या हंगेरीत गेलं. ब्राशोव, त्याचं जन्मगाव, रोमानियातच राहिलं. म्हणजे जिथे तो जन्मला ते एका देशात, जिथे तो खेळाडू म्हणून घडला ते दुसऱ्या देशात, आणि तो स्वतः बुखारेस्टमध्ये.

नागरिकत्वाचं काय, याची सोय निवाड्यातच होती. दिलेल्या प्रदेशात कायम राहणारे रोमानियन प्रजाजन आपोआप हंगेरियन नागरिक होणार होते. त्यांना सहा महिन्यांत रोमानियन नागरिकत्व निवडता येणार होतं. उलट बाजूला, १९१९ मध्ये हंगेरीकडून गेलेल्या पण अजूनही रोमानियात उरलेल्या भागात राहणाऱ्या हंगेरियन वंशाच्या लोकांना तितक्याच मुदतीत हंगेरियन नागरिकत्व निवडता येणार होतं. म्हणजे माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न, मी कोण, हा सरकारी अर्ज बनला होता. आणि त्याला शेवटची तारीख होती.

बोडोला ओराद्याला परतला. आता ते नॉज्वाराद होतं, आणि सीएओ पुन्हा नॉज्वारादी अॅथलेटिक क्लब झाला होता, एनएसी. १९४० सालातच तो हंगेरीच्या राष्ट्रीय संघातही आला.

हे दुसरं स्थलांतर. पुस्तकात याचीच नोंद परदेशगमन अशी होते. आणि माझ्या मते तिन्हींत हेच सगळ्यांत कमी परदेशी होतं. ओळखीच्या मैदानावर, आपल्या भाषेत, जुन्या क्लबाच्या रंगांत. बुखारेस्टमध्ये मागे राहण्यासारखं त्या शरदात फार काही उरलंही नव्हतं. १४ सप्टेंबरला आयर्न गार्ड या रोमानियातल्या फॅसिस्ट संघटनेच्या साथीने जनरल अंतोनेस्कूची नवी राजवट जाहीर झाली. १० नोव्हेंबरच्या पहाटे भूकंपाने शहर हादरलं. नोव्हेंबरच्या अखेरीस जिलावा तुरुंगात आयर्न गार्डने जुन्या राजवटीतल्या कैद्यांना गोळ्या घातल्या, त्यांत व्हीनसचा तो पाठीराखा मारिनेस्कूही होता. उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया गेल्याच्या रागात राजधानीत हंगेरियन नाव घेऊन वावरणं सोपं असेल असं वाटत नाही.

तरीही सगळे असेच वागले असं मानू नये. म्हणूनच हे प्रकरण एकट्या बोडोलावर तोलता येत नाही. शेजारी दोन माणसं उभी केली की त्याचं वजन कळतं.

पहिला यूलिउ बाराट्की. हा तर जन्माने ओराद्याचा, १९१०चा. यानेही दोन्ही देशांकडून खेळ केला, पण उलट्या क्रमाने. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला तो बुडापेस्टला हुंगारिया क्लबात गेला, हंगेरीकडून नऊ सामने खेळला, मग परत येऊन रोमानियाचा झाला. १९३६ पासून तो बुखारेस्टच्या रापिद क्लबात होता आणि तिथल्या लोकांनी त्याला सोनेरी केसांचा चमत्कार म्हणून डोक्यावर घेतलं होतं. १९४० मध्ये त्याचं स्वतःचं जन्मगाव हंगेरीत गेलं तरी हा पठ्ठ्या बुखारेस्टमध्येच राहिला, आणि १९६२ साली तिथेच वारला. गंमत अशी की १९४० सालीच रापिद मध्य युरोपातल्या मित्रोपा चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि समोर होता बुडापेस्टचा फेरेन्त्सवारोश. रोमानिया विरुद्ध हंगेरी, १९४०चा उन्हाळा. तो अंतिम सामना कधी झालाच नाही.

दुसरा डोबाई, बोडोलाचा बाहेरच्या अंगाचा जोडीदार. तोही हंगेरियनभाषक, पण बानात प्रांतातला, तिमिशोआराच्या रिपेन्सियाचा. तिमिशोआरा रोमानियातच राहिलं. डोबाई हंगेरीकडून एकदाही खेळला नाही.

एकाच भाषेचे, एकाच पिढीचे, एकाच आघाडीत खेळलेले तिघे. भाषेवरून निवाडा करायला जावं तर तिघांनीही हंगेरी निवडायला हवी होती. जन्मगावावरून करायला जावं तर बोडोलाने रोमानियात राहायला हवं होतं आणि बाराट्कीने हंगेरीत जायला हवं होतं, झालं नेमकं उलटं. तिघांची वाट ज्याने ठरवली ती गोष्ट मला साधी दिसते : जिथे आयुष्य मार्गी लागलं होतं ते ठिकाण. बाराट्कीचं रापिदमध्ये, डोबाईचं रिपेन्सियात, बोडोलाचं ओराद्यात. राष्ट्र त्या ठिकाणाच्या मागून आलं. त्या काळच्या राष्ट्रवाद्यांना, दोन्हीकडच्या, हे उत्तर अजिबात आवडलं नसतं.

नॉज्वारादमधली पुढची चार वर्षं फुटबॉलच्या दृष्टीने बोडोलाची सर्वोत्तम म्हणता येतील, निदान क्लबच्या बाबतीत. हंगेरियन लीगचा नकाशाही तेव्हा सैन्याबरोबर फुगत होता. त्यात नॉज्वाराद आलं, क्लुज कोलोझ्वार होऊन आलं, युगोस्लाव्हियाचे तुकडे पडल्यावर नोवी सादचा संघ उयविदेक नावाने आला. लीगच्या तक्त्यावर नजर टाकली की युद्धाची बातमी कळावी, असा तो काळ.

एनएसीने आजूबाजूचे उत्तम खेळाडू गोळा केले आणि त्यांची नावंही हंगेरियन झाली. फ्रान्चिस्क स्पिलमान फेरेन्त्स शारवारी झाला. पेचोव्स्कीचा पेरेन्यी झाला. बेसाराबियात जन्मलेला निकोलाय शिमातोक चक्क मिक्लोश सेगेदी झाला. बचावात द्युला लोरांत होता, जो पुढे १९५४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुश्काशच्या हंगेरीकडून उतरला. बोडोलाला नावासाठी फार काही करावं लागलं नाही. यूलिउचं द्युला करायचं, बस्स. ते तर त्याचं घरचंच नाव.

१९४३-४४चा हंगाम एनएसीने जिंकला. हंगेरीत १९०१ पासून लीग चालू होती आणि त्रेचाळीस वर्षांत बुडापेस्टबाहेरचा एकही संघ विजेता झाला नव्हता. एमटीके, फेरेन्त्सवारोश, उयपेश्त, नुकताच वर आलेला चेपेल, सगळे राजधानी आणि तिच्या काठावरचे. ही परंपरा मोडली ती सीमेवरच्या शहराने, जे चार वर्षांपूर्वी हंगेरीत नव्हतं आणि पुढच्या वर्षी हंगेरीत राहणार नव्हतं.

हे विजेतेपद सांगताना लोक इथे थांबतात. थांबता येत नाही. १९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं. मे महिन्यात नॉज्वारादमध्ये ज्यूंसाठी घेट्टो, म्हणजे सक्तीची बंदिस्त वस्ती, उभा राहिला, बुडापेस्ट सोडलं तर हंगेरीतला सर्वांत मोठा. शहराच्या लोकसंख्येत ज्यूंचा वाटा पाचव्या हिश्शाहून जास्त होता. डॉक्टर, वकील, व्यापारी, छापखानेवाले, आणि अर्थातच मैदानावरचे प्रेक्षक. मेच्या अखेरीपासून आगगाड्या आउश्वित्झच्या मृत्युछावणीकडे निघाल्या. काही आठवड्यांत पंचवीस हजारांवर माणसं त्या शहरातून आणि आसपासच्या गावांतून नाहीशी झाली. ज्या वसंतात शहर इतिहासात पहिल्यांदा विजेतं ठरलं, त्याच वसंतात शहराचा एवढा मोठा भाग डब्यांत कोंबून नेला गेला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत छापल्या जातात. घडल्या एकाच गावात, एकाच महिन्यांत.

ऑक्टोबर १९४४ मध्ये युद्धाची आघाडी शहरावरून गेली. सोव्हिएत आणि रोमानियन फौजा आल्या. मार्च १९४५ मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हेनियाचा कारभार पुन्हा रोमानियाकडे गेला आणि फेब्रुवारी १९४७च्या पॅरिस तहाने ते शिक्क्यानिशी झालं. नॉज्वाराद पुन्हा ओराद्या. बोडोला १९४५-४६ मध्ये क्लुजच्या फेरार संघात दिसतो, म्हणजे काही न करता पुन्हा रोमानियात. तेव्हा तो तेहतीस-चौतीस वर्षांचा. जन्मापासून मोजलं तर जमीन त्याच्या पायाखाली एकदा सरकली, मग उलटी सरकली, मग पुन्हा सरकली.

आणि मग १९४६ साली त्याने तिसरं स्थलांतर केलं. बुडापेस्ट, एमटीके.

मला विचाराल तर परदेश हा. १९३७ला तो दूर गेला होता पण त्याच देशात, १९४०ला देश बदलला होता पण तो घरी आला होता. १९४६ला पहिल्यांदाच सीमा जागेवर स्थिर होती आणि माणूस तिच्यावरून पलीकडे गेला, परतीची वाट सोपी नसणार हे दिसत असताना. एमटीके हा क्लब निवडण्यातही एक अर्थ दिसतो. बुडापेस्टच्या ज्यू मध्यमवर्गाचा हा जुना, बुद्धिमान फुटबॉलसाठी नावाजलेला क्लब १९४० मध्ये ज्यूविरोधी कायद्यांच्या वातावरणात बंद पडला होता आणि युद्धानंतर नुकता पुन्हा सुरू झाला होता. १९४७ मध्ये तिथे नांदोर हिदेगकुती आला. सहा वर्षांनी वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने नमवताना तीन गोल करणारा हाच हिदेगकुती. चेंडू आणणारा आणि जाळ्यात घालणारा जुना इनसाइड फॉरवर्ड आणि मागे येऊन सगळा बचाव गोंधळात टाकणारा नवा सेंटर फॉरवर्ड, एका ड्रेसिंग रूममध्ये. कुणी कुणाकडून काय उचललं हे सांगण्याच्या भरीला मी पडणार नाही, पण त्या खोलीत बसायला मला आवडलं असतं.

१९४८ मध्ये हंगेरीकडून शेवटचा सामना, १९४९ मध्ये एमटीकेतून निवृत्ती. त्याच काळात पोलादी पडदा खाली येत होता.

तिसऱ्या स्थलांतराचं वेगळेपण शिमातोकच्या वाटेने पाहिलं की आणखी स्पष्ट होतं. हा नॉज्वारादमधला जुना सोबती, सेगेदी. त्याचं जन्मगाव तर १९४० मध्ये सोव्हिएत संघातच गेलं, तिथे परतायचा प्रश्नच नव्हता. १९४७ मध्ये तो मिलानला इंटरकडे गेला, तिथून ब्रेशिया, तिथून बार्सिलोना, जिथे लाझ्लो कुबालाबरोबर १९५१-५२ची स्पॅनिश लीग जिंकली. शेवटी ऑस्ट्रेलिया, आणि सिडनीत मृत्यू. रोमानियन फुटबॉलपटू परदेशात असं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असंच चित्र येतं : सूटकेस, आगगाडी, मोठा क्लब, परत न येणं. नोंदवही मात्र शिमातोक आणि १९४०चा बोडोला यांना एकाच रकान्यात बसवते.

आकड्यांकडे पुन्हा येऊ. ४८ सामन्यांत ३० गोल आणि १३ सामन्यांत ४ गोल, यावरून काही जण म्हणतात की हंगेरीच्या जर्सीत तो मनापासून खेळला नाही. ही मला शुद्ध हवेतली गोष्ट वाटते. रोमानियाकडून तो एकोणीस ते सत्तावीस या वयात खेळला आणि कितीतरी गोल बल्गेरिया, ग्रीस, युगोस्लाव्हिया यांच्यावर चढवले. हंगेरीकडून खेळताना वय अठ्ठावीस ते छत्तीस, मधली काही वर्षं युद्धात गेलेली. शिवाय हंगेरी १९३८च्या विश्वचषकाचा उपविजेता संघ. आघाडीत शारोशी आणि झेंगेलेर यांच्यासारखे लोक, गोल वाटून घ्यावे लागणारच.

दोन देशांकडून खेळणं हे तेव्हा आक्रीत नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. लुईस मोंती १९३० मध्ये अर्जेंटिनाकडून आणि १९३४ मध्ये इटलीकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केल्यावर ऑस्ट्रियन खेळाडू जर्मन संघात घातले गेले. कुबाला तर तीन देशांकडून खेळला. फिफाने या बाबतीत दोर आवळला तो साठच्या दशकात. बोडोलाच्या बाबतीत कुणाचा नियम मोडला नाही. मोडली होती ती फक्त नकाशाची रेघ.

रोमानियाकडून केलेले ते ३० गोल मात्र हलले नाहीत. पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, दशकं गेली. आपल्याकडे १९९४चा विश्वचषक रात्री जागून टीव्हीवर पाहिलेल्यांना गेओर्गे हाजी आठवत असेल, कोलंबियाविरुद्ध डाव्या कडेवरून, गोलकीपरच्या डोक्यावरून घातलेला तो अचाट गोल. त्या गोलाच्या वेळीही रोमानियाचा सर्वाधिक गोलांचा विक्रम बोडोलाच्याच नावावर होता. हाजीने तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मागे टाकला आणि स्वतः ३५ वर थांबला. म्हणजे सुमारे सहा दशकं रोमानियाचा सर्वांत मोठा गोलकर्ता बुडापेस्टमध्ये राहणारा एक हंगेरियन होता. १२ मे १९९३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, तो तिथेच वारला. विक्रम तेव्हा अजून शाबूत होता.

त्याच्या क्लबाची गोष्टही त्याच्यासारखीच झाली. युद्धानंतर ओराद्याचा तो संघ पुन्हा नाव बदलून रोमानियन लीगमध्ये परतला आणि १९४८-४९ मध्ये रोमानियाचा विजेता ठरला. पाच वर्षांच्या अंतराने दोन देशांची विजेतेपदं, एकाच मैदानावरून. १९५६ मध्ये रोमानियन चषक जिंकला, १९६३ मध्ये क्लब बंद पडला, आणि २०१७ मध्ये सीएओ हे जुनं नाव घेऊन पुन्हा उभा राहिला, हिरव्या-पांढऱ्या रंगांतच.

ओराद्याचं नगरपालिकेचं स्टेडियम १९२४ साली बांधलं गेलं. पाच वर्षांनी ब्राशोवहून आलेला सतरा वर्षांचा पोरगा इथेच खेळू लागला. शहर आजही रोमानियात आहे, आणि दरवाजावर नाव आहे : स्टाडिओनुल यूलिउ बोडोला. गावातले हंगेरियन प्रेक्षक ते वाचतात तसंच, म्हणतात मात्र बोडोला द्युला स्टेडियम.